बोलणे संथ, आवाज तोच

“आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत,” ही वृद्धांची तक्रार घरोघरी परिचित आहे. उतारवयात आवाजाच्या क्षीणपणाप्रमाणेच बोलण्याचा वेगही आकलनाच्या आड येतो. अशा वेळी आवाज नुसता मोठा करून भागत नाही.

श्रवणाचा हा गुंता उलगडण्यासाठी तज्ज्ञ ध्वनीचा कालावधी मुद्दाम बदलतात. कान शाबूत असूनही श्रवणमार्गात किंवा मेंदूत दोष असला, तर साध्या परीक्षेत तो लपून राहतो. वेग वाढविलेले बोलणे ऐकविल्यास तो उघड होऊ शकतो. १९६०च्या दशकात म्हैसूर येथे स्थापन झालेल्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेत अशा परीक्षांवर संशोधन झाले आहे.

परंतु वेग बदलणे दिसते तितके सोपे नाही. ध्वनिफीत निम्म्या वेगाने फिरविली, तर बोलणे संथ होते खरे. पण आवाजही एका सप्तकाने खाली उतरतो. १९५४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात फेअरबँक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिरत्या चुंबकीय शीर्षांच्या साहाय्याने यावर तोड काढली. पुढे अंकीय स्मृतीने हेच काम सुलभ केले.

तिची रीत अशी : ध्वनिलहरीची उंची सेकंदाला, समजा, ८००० वेळा मोजून ते आकडे स्मृतीत साठवितात. मग त्यांचे सेकंदाच्या काही शतांश भागाएवढे तुकडे करतात. प्रत्येक तुकडा मूळ गतीनेच वाजतो, म्हणून स्वर बदलत नाही. बोलणे लांबवायचे असल्यास काही तुकडे पुन्हा वाजवितात. आखडायचे असल्यास काही गाळतात. सांधे खटकू नयेत म्हणून तुकड्यांच्या कडा एकमेकींत मिसळतात.

चालू भाषणाला मात्र मर्यादा पडते. चार मिनिटांचे भाषण पाच मिनिटांत ऐकविले, तर शेवटी ४८ सेकंदांचे बोलणे, म्हणजे ३,८४,००० आकडे, स्मृतीत शिल्लक राहतात. भाषण लांबले, की ही थकबाकी वाढतच जाते.

शिवाय, जो ध्वनी कानापर्यंत पोहोचतच नाही, तो संथ केल्याने पोहोचणार नाही. म्हणून श्रवणाची तपासणी आधी व्हावी. आणि घरातील वडीलधाऱ्यांशी बोलताना समोर बसून, शब्द सुटे करून, सावकाश बोलावे. त्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नाही.