नाकाला वगळून जाणारा श्वास

विश्रांती घेत असलेला प्रौढ माणूस एका श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा आत घेतो. मिनिटाला १५ श्वास धरले, तर दिवसाला किती हवा होते? विद्यार्थ्यांना हे गणित करू द्या. उत्तर १०,००० लिटरच्या वर येते. एवढी हवा फुप्फुसात जाण्यापूर्वी नाक तिच्यावर तीन संस्कार करते: तिला गाळते, गरम करते आणि ओलसर करते.

यातील ओलाव्याचा हिशेब पाहण्याजोगा आहे. २२ अंश सेल्सिअसच्या साधारण कोरड्या हवेत लिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅम बाष्प असते. फुप्फुसातील हवा ३७ अंशांवर बाष्पाने संपृक्त असते. तेथे हे प्रमाण ४४ मिलिग्रॅम होते. म्हणजे दर लिटरला ३४ मिलिग्रॅम पाणी शरीराने पुरवायचे. दिवसाला हे पाणी सुमारे एक तृतीयांश लिटर भरते! श्वास सोडताना हवा नाकाच्या थंड झालेल्या अस्तरावरून जाते आणि तिच्यातील काही बाष्प तेथे पुन्हा जमा होते. नाक उधार दिलेले पाणी असे अंशतः वसूल करते.

आता अशी कल्पना करा, की हवा नाकातून जातच नाही. स्वरयंत्राचा कर्करोग बळावला तर कधीकधी संपूर्ण स्वरयंत्र काढावे लागते. तंबाखूचे धूम्रपान आणि मद्यपान ही या रोगाची प्रमुख कारणे आहेत. कर्करोगासाठीची अशी पहिली शस्त्रक्रिया थिओडोर बिलरोथ यांनी व्हिएन्ना येथे १८७३ च्या अखेरीस केली. स्वरयंत्र काढल्यावर श्वासनलिकेचे वरचे टोक मानेच्या पुढच्या बाजूस त्वचेला जोडतात. त्या छिद्रातूनच रुग्ण आयुष्यभर श्वास घेतो. नाक-तोंडाचा फुप्फुसांशी संबंध कायमचा तुटतो.

परिणाम काय होतो? कोरडी, थंड, धुळीची हवा थेट श्वासनलिकेत शिरते. तिच्या अस्तरावर केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात आणि ते कफ सतत वर ढकलत असतात. अस्तर सुकले की त्यांचे काम मंदावते, कफ घट्ट होतो, खपल्या धरतात आणि खोकला सुरू होतो. रात्री झोपमोड होते. चारचौघांत खोकल्याची उबळ आली की मानेकडे नजरा वळतात. मग माणूस लग्नकार्याला जाणे टाळतो, बोलणे टाळतो. आवाज गेल्याचे दुःख सर्वांना दिसते. श्वासाचा हा त्रास मात्र पुष्कळदा लक्षातच येत नाही.

यावरचा उपाय एका सोप्या प्रयोगाने समजतो. स्वच्छ रुमालाची चौपदरी घडी तोंडावर धरा आणि तोंडानेच दहा-बारा वेळा सावकाश श्वास घ्या व सोडा. कापड उबदार, दमट झालेले जाणवेल. बाहेर पडणाऱ्या श्वासातील उष्णता आणि बाष्प कापडाने धरून ठेवले. पुढचा श्वास आत जाताना ते थोडे परत देतो. याच तत्त्वावर छिद्रावर बसवायची छोटी चकती तयार केलेली आहे. तिच्यातील स्पंजाला ओलावा धरणारा क्षार लावलेला असतो. ती रात्रंदिवस वापरली व नियमित बदलली, तर खोकला आणि कफ कमी होतो, असा अनुभव आहे. परंतु ती वारंवार विकत घेणे सर्वांना परवडत नाही. अशा वेळी छिद्रावर सैलसर बांधलेला ओलसर, पातळ सुती कपडाही थोडे काम करतो आणि धूळही अडवतो. वर्गातील खडूची धूळ येथे आठवावी.

नाकातून हवा जात नाही म्हणून वासही येत नाही. जेवणाची गोडी उणावते. गॅसची गळती झाल्यास कळत नाही. नेदरलँड्समधील तज्ज्ञांनी यावर एक युक्ती शोधली. ओठ मिटून, जांभई दाबतो तसा खालचा जबडा आणि जीभ खाली न्यायची. तोंडात हवेचा दाब कमी होतो आणि बाहेरची हवा नाकात ओढली जाते. सरावाने अनेकांना पुन्हा वास येऊ लागतो.

बोलण्यासाठीही मार्ग आहेत: अन्ननलिकेतून हवा सोडून बोलणे, मानेला लावायचे विजेवरील कंपनयंत्र, किंवा श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामध्ये बसवलेली एकदिश झडप. सिंगर आणि ब्लॉम यांनी १९८० मध्ये मांडलेली ही झडपेची पद्धत आज जगभर वापरतात.

एक गोष्ट मात्र वर्गात आवर्जून सांगावी. अशी व्यक्ती बेशुद्ध पडली तर तिच्या मानेवरचे छिद्र झाकू नये, त्यात पाणी जाऊ देऊ नये. प्राणवायू किंवा कृत्रिम श्वास द्यायचा तो छिद्रातून. नाकातोंडावर दिलेला श्वास फुप्फुसांपर्यंत पोचणारच नाही. एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी असे आजोबा असतील. मानेवरच्या त्या कापडामागे काय आहे हे मुलांना कळले, तर ती टक लावून पाहणार नाहीत. वेळ आलीच, तर योग्य ती मदत करतील.