राखून ठेवलेला हल्ला

बुद्धिबळात दोन्ही बाजूंचे बळ सारखे आणि पट उघडा; मग गुपित राहावे ते कशाचे? घरी केलेल्या अभ्यासाचे! २३ ऑक्टोबर १९१८ रोजी न्यूयॉर्क येथील स्पर्धेत क्यूबाचा कापाब्लांका व अमेरिकेचा विजेता मार्शल यांचा डाव झाला, तो याच कारणाने गाजला.

पांढरी मोहरी कापाब्लांकाकडे होती. त्याने सुरुवात केली ती रुय लोपेझ पद्धतीने. सोळाव्या शतकातील या स्पॅनिश धर्मोपदेशकाचे नाव तिला मिळाले आहे. काळ्याचा घोडा मधले प्यादे राखतो, आणि पांढरा त्याच घोड्यावर उंटाचा रोख धरतो, हे तिचे मर्म. आठव्या खेळीस मार्शलने वजिरापुढचे प्यादे दोन घरे रेटले व आपले मधले प्यादे चक्क देऊ केले.

हे दान निरर्थक नव्हते. प्यादे घेण्यात पांढऱ्याचा घोडा खर्ची पडतो, वजिराच्या बाजूची मोहरी घरीच राहतात, आणि तेवढ्या अवधीत काळ्याचे वजीर, घोडा व उंट पांढऱ्या राजावर चालून येतात. मार्शलने हा हल्ला अनेक वर्षे राखून ठेवला होता, अशी आख्यायिका आहे; तिला भक्कम पुरावा मात्र नाही.

आपल्यापुढे पूर्वतयारीचा सापळा आहे, हे कापाब्लांकाने ओळखले; तरीही आव्हान स्वीकारून प्यादे घेतले. तेराव्या खेळीस मार्शलने घोडा प्याद्याच्या तोंडी दिला. तो मारावा, तर काळा वजीर राजाच्या दाराशी येतो. कापाब्लांकाने मोह आवरून वजीर पुढे काढला. मग शहामागून शह आले. पांढरा राजा एकेक घर सरकत पटाच्या पलीकडच्या बाजूस सुखरूप पोचला. हल्ल्याचा जोर ओसरला, पांढऱ्याची प्यादी पुढे सरकली आणि छत्तिसाव्या खेळीस डाव संपला.

मार्शल हरला, पण त्याची कल्पना हरली नाही. अकराव्या खेळीस घोडा मागे घेण्याऐवजी उंटाच्या प्याद्याने त्याला आधार द्यावा, ही सुधारणा पुढे रूढ झाली. 'मार्शल हल्ला' या नावाने तो आजही खेळला जातो, आणि भलेभले खेळाडू पांढऱ्या बाजूने तो टाळण्यासाठी आधीच वाट बदलतात. पराभूताच्या नावे एवढे मोठे स्मारक क्वचितच उभे राहिले असेल!