उन्हाच्या वेळापत्रकावर धौलाधार

पॅराग्लायडरला इंजिन नसते. स्तब्ध हवेत तो सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास खाली येत राहतो आणि एक मीटर उंची मोडून साधारण आठ ते दहा मीटर पुढे सरकतो. तरीही या कापडी पंखाखाली बसून माणसे शंभर-दोनशे किलोमीटर जातात, कारण उन्हाने तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा त्यांना वाटेत पुन्हा पुन्हा उचलून धरते. या वर चढणाऱ्या हवेला पायलट थर्मल म्हणतात. एका थर्मलमध्ये घिरट्या घालत उंची कमवायची आणि ती खर्च करत पुढचा थर्मल गाठायचा, अशा प्रवासाला क्रॉस-कंट्री किंवा पायलटांच्या बोलीत ‘एक्ससी’ हे नाव आहे.

अंतराचे मोठे विक्रम सपाट, कोरड्या प्रदेशांत झाले आहेत. २०१६ मध्ये ईशान्य ब्राझीलमध्ये तीन पायलटांनी बरोबरीने उडत एका दिवसात ५६४ किलोमीटर अंतर कापले. तिथे वारा पाठीशी घेऊन दिवसभर एकाच दिशेला जाता येते आणि खाली बहुतेक ठिकाणी उतरायला जागा सापडते. डोंगराळ मुलखात दोन्ही गोष्टींची हमी नसते. वारा दरीदरीगणिक दिशा बदलतो आणि खाली रान, कडे, नद्यांची पात्रे असतात. म्हणून डोंगरात लांब उडायचे तर निम्मे काम जमिनीवर, नकाशा आणि घड्याळ समोर ठेवून करावे लागते. हे काम कसे चालते ते पाहायला हिमाचल प्रदेशातल्या बीर-बिलिंगइतकी चांगली जागा भारतात दुसरी नाही.

बीर हे कांगडा जिल्ह्यातले गाव साधारण १,४०० मीटर उंचीवर आहे. तिथून १४ किलोमीटरचा घाटरस्ता चढला की सुमारे २,४०० मीटरवर बिलिंगचा गवताळ उतार लागतो. टेक-ऑफ तिथून आणि उतरणे बीरच्या शेतांत. मागे धौलाधारची भिंत उभी आहे. तिची शिखरे ४,००० मीटरच्या वर जातात आणि ती वायव्येकडे धरमशालेपर्यंत व त्याही पुढे पसरलेली आहे. मुख्य धारेवरून दक्षिणेकडे एकामागून एक सोंडा उतरतात आणि दोन सोंडांच्या मधे खोल दऱ्या आहेत. बीर ते धरमशाला हे सरळ रेषेतले अंतर चाळीस-बेचाळीस किलोमीटर भरते. तिथपर्यंत जाऊन त्याच वाटेने बीरला परतणे हा इथला सर्वांत परिचित लांब पल्ला. २०१५ मध्ये पॅराग्लायडिंग विश्वचषकाची फेरी याच डोंगरावर झाली आणि २०२४ मध्ये ती पुन्हा इथे आली.

नियोजनाची सुरुवात महिन्यापासून होते. १५ जुलै ते १५ सप्टेंबर या पावसाळी काळात हिमाचलात पॅराग्लायडिंगला बंदी असते. त्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा कोरडी, वारा बेताचा आणि थर्मल सौम्य असतात. मार्च ते जून या काळात ऊन कडक असते. तेव्हा उंची जास्त मिळते, पण हवेतली उलथापालथही तेवढीच वाढते आणि दुपारी गडगडाटी ढग लवकर तयार होतात. डोंगर नवा असलेल्या पायलटाने शरद ऋतू धरावा, यात फारसा वाद नाही.

दिवसाचा अंदाज बांधताना पहिला प्रश्न असतो ढगांचा तळ किती उंचीवर राहील. कोरडी हवा दर शंभर मीटर चढाईला जवळजवळ एक अंश सेल्सिअसने थंड होते आणि दवबिंदूपाशी पोचली की ढग धरतो. तापमान आणि दवबिंदू यांतल्या फरकाला १२५ ने गुणले, की तळ मोजलेल्या जागेपासून किती मीटर वर असेल ते ढोबळमानाने कळते. बीरला दुपारी २४ अंश तापमान आणि ११ अंश दवबिंदू असेल, तर फरक १३ अंशांचा, म्हणजे सुमारे १,६०० मीटर. बीरची उंची त्यात मिळवली की ढगांचा तळ समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरवर येतो. मागची धार ४,००० मीटरची असताना तळ एवढा खाली असेल, तर मुख्य धार दिवसभर ढगात बुडालेली राहणार. अशा दिवशी मार्ग सोंडांच्या पुढच्या, दरीकडच्या टोकांवरून आखावा लागतो. डोंगराला चिकटून राहिलेल्या पायलटाभोवती ढग काही मिनिटांत दाटतो. आत गेल्यावर कडा कुठल्या बाजूला आहे हे कळायला काही मार्ग उरत नाही.

यानंतर सूर्य. धौलाधारचा हा रस्ता इतका चांगला का चालतो, याचे उत्तर सोंडांच्या ठेवणीत आहे. सोंडा दक्षिणेकडे उतरत असल्यामुळे प्रत्येकीला एक पूर्वेची आणि एक पश्चिमेची कूस आहे. सकाळी ऊन पूर्वेच्या कुशीवर पडते. बीरहून धरमशालेकडे निघालेल्या पायलटाला प्रत्येक दरी ओलांडल्यावर समोर येते ती हीच तापलेली कूस. थर्मल नेमका तिथेच उठत असतो. दुपार कलली की ऊन पश्चिमेच्या कुशीवर सरकते आणि परतीच्या वाटेवर तीच कूस आधी समोर येते. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा उन्हातली बाजू पायलटाच्या तोंडासमोर. हे वेळापत्रक चुकवले, म्हणजे दुपारी तीनला अजूनही पश्चिमेकडे जात राहिले, तर दरी ओलांडून सावलीतल्या थंड उतारापाशी कमी उंचीवर पोचण्याची वेळ येते. तिथून वर काढणारे काही नसते.

म्हणून पायलट बेत तासांत मांडतात. ऑक्टोबरच्या मध्याला वापरण्याजोगे थर्मल साडेदहा-अकराच्या सुमारास सुरू होतात आणि साडेचारनंतर विझू लागतात. हाती साडेपाच-सहा तास. घिरट्यांचा वेळ धरून साध्या पंखावर सरासरी वेग ताशी वीस-पंचवीस किलोमीटर पडतो. धरमशाला आणि परत असे पंच्याऐंशी किलोमीटर म्हणजे सुमारे चार तास. अकराला निघालेला माणूस एकपर्यंत वळला, तर तीनच्या सुमारास बीरवर येतो आणि दीड तास हातचा राहतो. हा दीड तास राखीव ठेवणे फार मोलाचे आहे. वळायची वेळ आधी ठरवायची आणि धरमशाला समोर दिसत असली तरी ती वेळ झाली की वळायचे. हवेत चांगले चालले असताना हा निर्णय घेणे जड जाते, म्हणून तो जमिनीवरच घेऊन ठेवतात.

प्रत्येक दरी ओलांडण्याचा हिशेब वेगळा करावा लागतो. समजा सोंडेवर ३,००० मीटर उंची कमवली आहे आणि समोर सहा किलोमीटरची दरी आहे. पंख एकास आठ या प्रमाणात सरकतो असे धरले, तर स्तब्ध हवेत ७५० मीटर खर्च होऊन पलीकडे २,२५० वर पोचता येईल. आता ताशी १५ किलोमीटरचा वारा समोरून आला. पंखाचा हवेतला वेग ताशी ३८ असेल, तर जमिनीवरून पाहता तो २३ वर येतो. ओलांडायला पावणेसोळा मिनिटे लागतात आणि खर्च होतात जवळपास १,२४० मीटर. पलीकडे उंची उरते १,७६०. त्यात दरीवरची हवा सेकंदाला एक मीटरने खाली बसत असेल, आणि दोन थर्मलच्या मधली हवा बहुधा खाली बसतेच, तर आणखी ९०० मीटरहून अधिक जातात. धौलाधारच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्याची जमीनच हजार मीटरच्या वर आहे. म्हणजे कागदावर आरामात जमणारी दरी प्रत्यक्षात मधेच जमिनीवर उतरवू शकते. अनुभवी पायलट म्हणूनच प्रत्येक मोठ्या दरीपुढे एक किमान उंची लिहून ठेवतात. ती मिळाली नाही तर थांबून पुन्हा चढायचे, तेही जमले नाही तर खोऱ्याकडे वळून उतरायचे. चढण कुठे आहे हे शोधायला या डोंगरात हिमालयीन गिधाडांची मोठी मदत होते. पंख न हलवता ती घिरट्या घालत वर जाताना दिसली, की थर्मलची जागा मिळालीच म्हणायची.

वाऱ्याचा विचार उंचीच्या थरांनुसार करावा लागतो. दिवसा डोंगराचे उतार तापले की हवा खोऱ्यातून वर खेचली जाते आणि दरीवारा सुरू होतो. धौलाधारच्या पुढच्या अंगाला मैदान मोकळे असल्यामुळे हा वारा सहसा सौम्य राहतो. अरुंद खोऱ्यांत मात्र दुपारी त्याला मोठा जोर चढतो. माथ्यावरचा वारा वेगळाच असू शकतो. तो धार ओलांडून पलीकडे उतरताना आडोशाच्या बाजूला हवेचे भोवरे तयार करतो. याला रोटर म्हणतात आणि त्यात पंख घडी पडून मिटू शकतो. ३,००० आणि ४,००० मीटरवरच्या वाऱ्याचा अंदाज ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या पुढे गेला, तर त्या दिवशी मुख्य धारेच्या जवळही जाऊ नये.

बीरहून पूर्वेचा मार्ग हे सगळे एकत्र दाखवतो. सरळ रेषेत मनाली पन्नासेक किलोमीटरवर आहे, धरमशालेहून थोडीच दूर. पण मधे बरोटची दरी आहे, तिच्यापलीकडे उंच धार, मग कुल्लूचे खोरे. पुढच्या अंगाच्या उड्डाणात कुठेही अडचण आली तरी दक्षिणेला वळून शेतात उतरता येते. मनालीच्या वाटेवर दाट देवदार, खडक आणि बर्फाच्या कडेने जाणाऱ्या घळी आहेत. मोठ्या पट्ट्यात रस्ता नाही. मागच्या बाजूच्या बडा भंगाल गावाला तर थमसर खिंडीतून पायीच जावे लागते. शिवाय कुल्लू खोऱ्यात पोचेपर्यंत दुपार होते आणि तिथला दरीवारा तेव्हा भरात असतो, त्यामुळे शेवटचे उतरणेच अवघड जाते. अंतर जवळजवळ तेच असूनही हा मार्ग कितीतरी वरच्या पायरीचा आहे. किलोमीटरवरून मार्गाचा अवघडपणा मोजणे ही इथे येणाऱ्यांची सर्वांत महागात पडणारी समजूत आहे. २०२३ आणि २०२४ च्या शरद मोसमात बीर आणि कुल्लू-मनाली भागात अनुभवी परदेशी पायलटांचेही मृत्यू झाले.

मार्ग ठरला की त्यावर उतरण्याच्या जागा खुणावतात. उपग्रह-चित्रात हिरवे सपाट दिसणारे शेत प्रत्यक्षात पुरुषभर उंचीच्या बांधांची पायऱ्यापायऱ्यांची जमीन असू शकते. विजेच्या तारा आणि रोपवेचे दोर चित्रात दिसत नाहीत आणि हवेतूनही शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाहीत. त्यासाठी खांब शोधायचे आणि दोन खांबांमध्ये तार आहेच असे धरून चालायचे. धरमशालेजवळ गग्गलला विमानतळ आहे. त्याच्या हवाई हद्दीची रेषा जीपीएस यंत्रात आधीच भरून ठेवावी लागते.

सामानात चढ-उताराचा वेग सांगणारे व्हॅरिओ, जीपीएस, राखीव पॅराशूट, हातमोजे आणि पाणी या गोष्टी गृहीतच आहेत. ४,००० मीटरच्या वर प्राणवायू कमी पडून निर्णयशक्ती मंदावते आणि पायलटाला ते जाणवतही नाही. म्हणून वसंतातल्या उंच उड्डाणांत काहीजण प्राणवायूची नळकांडी नेतात. संपर्काची बाब नाजूक आहे. युरोपात सर्रास वापरली जाणारी उपग्रह-संदेश यंत्रे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात बाळगणे बेकायदा आहे आणि डोंगराच्या मागच्या बाजूला मोबाइलची रेंज जाते. त्यामुळे रेंज असलेल्या पुढच्या अंगालाच राहणे, हा इथे सुरक्षेच्या नियोजनाचाच भाग ठरतो.

पुणे-मुंबईकडचे अनेक पायलट कामशेतच्या डोंगरांवर शिकून मग बीरची वाट धरतात. कामशेतला टेकड्यांची उंची काहीशे मीटरची आणि खाली मावळातली शेते, त्यामुळे थर्मल पकडण्याचा आणि नेमके उतरण्याचा सराव चांगला होतो. मोठ्या दऱ्यांचा, उंचीचा आणि दरीवाऱ्याचा अनुभव मात्र तिथे मिळत नाही. अशांनी बीरला पहिले काही दिवस बिलिंगच्या सोंडेवरच उडून चढणीच्या जागा आणि वेळा टिपाव्यात, मग एक दरी, मग दोन, असे पुढे सरकावे.

निघण्यापूर्वीची शेवटची गोष्ट म्हणजे बेत खाली कोणाकडे तरी लिहून देणे: कुठला मार्ग, वळायची वेळ, कुठल्या वेळेपर्यंत निरोप येईल. मोबाइलवरून थेट ठिकाण दाखवणारे अॅप सुरू ठेवले तर दर काही मिनिटांनी नोंद होत राहते. उतरल्यावर पहिला निरोप सुखरूप असल्याचा द्यायचा. पंख उलगडून जमिनीवर पसरलेला राहिला तर वरून जाणारे सोबती संकट समजतात, म्हणून तो लगेच गोळा करायचा. ठरल्या वेळेत निरोप आला नाही, तर शोध शेवटच्या नोंदलेल्या बिंदूपासून सुरू होतो आणि अंधारात धौलाधारवर कुणाला पाठवणे शक्य नसल्याने बहुधा दुसऱ्या दिवशी उजाडल्यावरच.