पक्षाघातानंतर घरी: मोबाइलचा उपयोग किती?

डिस्चार्ज मिळाला की पक्षाघाताच्या रुग्णाची खरी जबाबदारी घरच्यांवर येते.

भारतातल्या 14 रुग्णालयांत झालेल्या ‘अटेंड’ चाचणीत 1250 रुग्ण होते. निम्म्यांच्या नातेवाइकांना घरी व्यायाम करून घ्यायला शिकवलं. 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला निष्कर्ष निराश करणारा होता: सहा महिन्यांनी दोन्ही गटांत फरक दिसला नाही. नातेवाइकांना शिकवूनही असं, तेव्हा मोबाइलवरच्या ॲपकडून चमत्काराची अपेक्षा नको, आणि फिजिओथेरपिस्ट तर सोडूच नये.

पण काही गोष्टी डोळ्यांनी पाहूनच कळतात. लुळा हात ओढून रुग्णाला उठवलं की खांदा दुखावतो. ही चूक घरोघरी होते. कूस कशी बदलायची, आधार कुठे द्यायचा, हे व्हिडिओत नीट दिसतं आणि अडलं की पुन्हा पाहता येतं. चेन्नईत रुग्णांसोबत तपासलेलं ‘केअर फॉर स्ट्रोक’ हे स्मार्टफोनवरचं साधन याच धर्तीचं. व्हिडिओ कॉलवर चालणं दाखवताना फोन जरा लांब, कमरेच्या उंचीवर ठेवावा, म्हणजे पाऊल कसं पडतं ते दिसतं. रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी मोबाइलचा साधा गजरही पुरतो.

तोंड वाकडं होणं, हात गळणं, बोलणं अडखळणं अचानक पुन्हा दिसलं, तर मात्र ॲप उघडत बसू नये. महाराष्ट्रात 108 ला फोन करून तडक रुग्णालय गाठावं.