डायपरचा खर्च आणि पिवळी पिशवी

दोन वर्षांपूर्वी अम्मीला अर्धांगवायूचा झटका आला आणि आम्ही तिला सरकारी रुग्णालयात दाखल केले. खाट मिळाली, सलाइन लागले, तपासण्या झाल्या. कशालाही पैसे पडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरने हातात एक चिठ्ठी दिली. मोठ्यांचे डायपर, एक पाकीट. समोरच्या मेडिकलमधून दहाचे पाकीट ४०० रुपयांना आणले. दिवसाला चार लागत, म्हणजे रोजचे १६० रुपये. अम्मी २१ दिवस वॉर्डात होती. हा खर्च मोफत उपचारांच्या हिशेबात कुठेच नव्हता.

मी पगारदार शिक्षिका, मला तो झेपला. शेजारच्या खाटेवरील आजींची सून धुणीभांडी करणारी. ती सकाळी लावलेला डायपर रात्रीपर्यंत चालवायची. सहाव्या दिवशी आजींच्या कमरेखालची कातडी लाल झाली, मग सोलली. सतत ओली राहिलेली कातडी नाजूक होते आणि अंगाच्या दाबाखाली तिथे जखम होते. पाठीला पडणाऱ्या अशा जखमांना आपण बेडसोअर म्हणतो. मग रोजची मलमपट्टी, वाढीव औषधे, लांबलेला मुक्काम. डायपर न पुरवून रुग्णालयाने जे वाचवले, त्याहून जास्त त्या जखमेवर गेले असणार. आजींनी जे सोसले, त्याचा हिशेब तर कुणीच मांडला नाही.

अम्मीचा प्रश्न वेगळाच होता. अजान झाली की ती अडखळत विचारायची, "मी पाक आहे का गं?" आजाऱ्याला सवलत आहे, जसे जमेल तशी नमाज पढ, असे मी समजावत असे. तरी तिचे मन मानत नसे. तिच्या त्या विचारण्यामुळे एक फायदा मात्र झाला. डायपर वेळच्या वेळी पाहिला जाऊ लागला.

गरजेपुरताच वापर

रात्री एका सिस्टरकडे चाळीस रुग्ण. अशा वेळी सगळ्यांनाच डायपर लावणे सोपे वाटते. पण अम्मीला लघवीची जाणीव होत होती, फक्त उठता येत नव्हते. एका अनुभवी सिस्टरने सांगितले, "दर दोन-तीन तासांनी तुम्हीच बेडपॅन द्या." आम्ही तसे केले. चादरीखाली रबरशीट आणि वर जुन्या सुती साडीची घडी ठेवली. चार डायपरचे दोन झाले. पुरुष रुग्णांसाठी तर युरिनलचे भांडे असतेच.

म्हणजे डायपर कुणाला लागतो आणि कुणाला नाही, हे सिस्टरने ठरवावे आणि ज्याला लागतो त्याला तो वॉर्डातूनच मिळावा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून बाळंतिणीला आणि आजारी नवजात बाळाला औषधे व लागणारे साहित्य मोफत देण्याची तरतूद आहे. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाचीही तेवढीच सोय व्हायला हवी. सप्टेंबर २०२५ मध्ये डायपरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, पण मोलमजुरी करणाऱ्या घराला तेवढ्याने फार हातभार लागत नाही.

माझ्या हातून झालेली चूक

तिसऱ्या रात्री मी अम्मीचा डायपर कागदात गुंडाळून खाटेजवळच्या साध्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. सफाई करणाऱ्या मावशींनी पाहिले. म्हणाल्या, "टीचर, तिथं नका टाकू. तो डबा मी हाताने उपसते." त्यांच्या हातमोज्याची दोन बोटे फाटलेली होती. मला खूप ओशाळल्यासारखे झाले.

जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम २०१६ मध्ये आले. रुग्णाच्या रक्ताने किंवा शरीरातील द्रवांनी माखलेल्या वस्तू पिवळ्या पिशवीत टाकायच्या, ती पिशवी ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायची नाही आणि सामाईक प्रक्रिया केंद्राकडे पाठवायची. तिथल्या भट्टीच्या दुसऱ्या कप्प्यात तापमान सुमारे १,०५० अंश सेल्सिअस ठेवावे लागते, कारण डायपरमध्ये प्लॅस्टिक असते आणि ते कमी आचेवर जळले तर विषारी धूर होतो. उकिरड्यावर डायपर पेटवणे म्हणूनच घातक. २०२० मध्ये करोनाच्या काळात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने रुग्णांचे वापरलेले डायपर पिवळ्या पिशवीतच टाकण्याची सूचना मुद्दाम दिली होती.

इथेही खर्च आहेच. भिजलेला डायपर जड असतो, आणि ओला कचरा जाळायला इंधन जास्त लागते. विनाकारण लावलेल्या डायपरचे पैसे दोनदा जातात, एकदा विकत घेताना आणि एकदा नष्ट करताना.

आपण काय करावे

– रुग्ण दाखल झाला की पिवळी पिशवी कुठे आहे, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

– हातमोजे घालून डायपरमधील मैला शौचालयात टाका, डायपर आतल्या बाजूला गुंडाळून त्याच्याच पट्ट्यांनी बंद करा आणि हात साबणाने धुवा. डायपर शौचालयात कधीही टाकू नका.

– दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदला. कातडी लाल दिसली तर लगेच सिस्टरला दाखवा.

– घरी वापरलेला डायपर कागदात गुंडाळून वेगळा द्या. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने अशा पुडीवर लाल ठिपका काढण्याची मोहीम चालवली. ठिपका दिसला की पुडी उघडायची गरज उरत नाही. हे कोणत्याही गावात करता येईल.

– सरकारी रुग्णालयांत रुग्ण कल्याण समिती असते. वॉर्डासाठी डायपर आणि सफाई कामगारांसाठी धड हातमोजे, या दोन्ही मागण्या तिच्याकडे लेखी द्या.

तहारत आपल्या घरी लहानपणापासून शिकवली जाते. आपली घाण दुसऱ्याच्या हाताला लागू न देणे हाही त्याच शिकवणीचा भाग आहे, आणि तो हक्कुल इबादचाही प्रश्न आहे.

अम्मीला घरी आणले त्या दिवशी पाकिटात सहा डायपर उरले होते. ते आजींच्या सुनेला दिले. तेव्हापासून इयादतीला जाताना मी केळी-सफरचंदे घेत नाही. आधी फोन करून विचारते, "डायपर लागतात का? कोणत्या मापाचे आणू?" पलीकडचा माणूस क्षणभर गप्प होतो आणि मग हळूच माप सांगतो.