मैदान पोरींचं

मे महिन्यात आर्णीत सकाळी नऊ वाजताच ऊन चटके द्यायला लागतं. यवतमाळ जिल्ह्यात पारा ४४-४५ अंशांवर चढतो, म्हणून विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. एवढ्या लांब सुटीत पोरगा गावभर हुंदडतो. पोरीच्या वाट्याला मात्र पाणी भरणं, धाकट्यांना सांभाळणं, कुरड्या-सरगुंड्यांची वाळवणं राखणं आणि लग्नघरी राबणं येतं. म्हणून मुलींच्या निवासी उन्हाळी शिबिराचं मोल मला फार मोठं वाटतं. त्या आठ-दहा दिवसांत ती घरासाठी राबत नाही. स्वतःसाठी धावते, घाम गाळते, दमते.

आमच्या भागात या शिबिरांना जुनी परंपरा आहे. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान आखाडा सुरू केला आणि त्यातूनच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं राहिलं. मंडळाच्या चमूने १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं तिथल्या लोकांना दाखवली होती. त्याच वर्षी दसऱ्याला वर्ध्यात लक्ष्मीबाई केळकरांनी राष्ट्र सेविका समिती काढली. तिचे उन्हाळी वर्ग केवळ मुली-बायकांचे. तिकडे पुण्यात १९४१ साली राष्ट्र सेवा दलाने वेगळी वाट धरली. तिथे मुलं आणि मुली एकाच मैदानात कवायत करू लागली. अभिनेत्री स्मिता पाटील याच सेवा दलाच्या संस्कारात वाढल्या. गाइड चळवळीचं 'संगम' हे जागतिक केंद्रही १९६६पासून पुण्यातच आहे. विचारांनी या संस्था एकमेकींपासून लांब. पण मुलीला मैदानात आणण्यात कुणी मागे राहिलं नाही.

खेड्यापाड्यांत मात्र सगळ्यांत खोल पोहोचलं ते तुकडोजी महाराजांचं श्रीगुरुदेव सेवा मंडळ. महाराजांचा जन्मदिवस, ३० एप्रिल, ग्रामजयंती म्हणून साजरा होतो आणि त्याच सुमारास गावोगावी सुसंस्कार शिबिरांची तयारी सुरू होते. १९५५च्या 'ग्रामगीते'त महाराजांनी महिलोन्नतीवर स्वतंत्र अध्याय लिहिला. मुलींच्या शिबिराला त्याहून वेगळा आधार शोधायची गरज नाही.

शिबिरातला दिवस उजाडायच्या आत सुरू होतो. पहाटे ध्यान, मग रामधून, हातात खराटे घेऊन ग्रामसफाई. त्यानंतर व्यायाम, सूर्य डोक्यावर यायच्या आत मैदान रिकामं व्हायलाच हवं. लाठी साधारण कानाच्या उंचीची, गाठी तासलेली. लेझमीत लाकडी दांडा आणि लोखंडी साखळीत ओवलेल्या चकत्या. पहिल्या दिवशी नुसता खणखणाट असतो: एकीचा हात वर, दुसरीचा पाय चुकलेला, तिसरी ओढणी सावरतेय. शिकवणारी ताई ओढण्या कमरेला बांधायला लावते आणि आकडे मोजायला लागते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कधीतरी सगळ्या रांगेचा आवाज एकदम एकच येतो. तेव्हा पोरी एकमेकींकडे जे बघतात, ते बघायला तरी पालकांनी यावं.

न्याहारीला पोहे नाहीतर उसळ, दुपारी वरण-भात, भाकर-भाजी, कधी पन्हं. ताट जिचं तिनं घासायचं. वाढायची पाळी सगळ्यांची. जेवायला कोण कुणाशेजारी बसणार, ते जात-पात विचारून ठरत नाही. ऐन दुपारी बाहेर पडायला बंदी. तो वेळ हस्तकलेचा, गोष्टींचा, नि ज्या गोष्टी घरी कुणी बोलत नाही त्यांचा. पाळी का येते, पोट दुखलं तर काय करायचं, कुणी नको तसा हात लावला तर कुणाला सांगायचं, हे एखादी नर्सताई मोकळेपणी सांगते. माझ्या मते सबंध शिबिरातला सगळ्यांत मोलाचा तास हाच.

संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. चपला सरळ रेषेत काढलेल्या, रांगा शांत, आणि खंजिरीवर बोटं आपटणारी एखादी सातवी-आठवीतली पोर. रात्री शेकोटी. आमच्या उन्हाळ्यात आगीजवळ बसायची कुणाची छाती होत नाही, तेव्हा जाळ नावापुरता, आणि पोरी लांब गोल करून बसतात. तिथे नाच, नकला आणि हटकून भुलाबाईची गाणी. भादव्यातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघर फिरून गाणी म्हणायची, झाकलेली खिरापत ओळखायची, ही विदर्भातल्या पोरींची स्वतःची मंडळी पूर्वीपासून आहेच. शिबिरात ती वैशाखात भरते, इतकंच. पहिल्या रात्री आईच्या आठवणीने रडणाऱ्या दोघी-चौघी असतातच. मोठ्या मुलींपैकी कुणीतरी त्यांच्या शेजारी आपली सतरंजी ओढून घेते.

समारोपाला गाव जमतो. पोरी लाठी फिरवतात, मनोरे रचतात. टाळ्या होतात, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच मैदानात पुन्हा फक्त पोरांचं क्रिकेट. ही गोष्ट मला सलते. आठ दिवसांत कमावलेला दम जूनपर्यंत टिकवायचा तर गावातल्या शाळेचं पटांगण सकाळी तासभर मुलींसाठी राखून ठेवावं, आणि शिकवायला बाई असावी. पाठवणाऱ्या आईबापांनीही आधी तीन गोष्टी विचाराव्यात: रात्री मुक्कामाला बाई कोण, न्हाणीघराला कडी नि पाणी आहे का, आणि उष्माघात झाला तर दवाखाना किती लांब. उत्तरं नीट मिळाली की पोरीच्या पिशवीत ताट, वाटी, पाण्याची बाटली, अंगभर सुती कपडे आणि डोक्याला बांधायला दुपट्टा भरावा, नि तिला एसटीत बसवून द्यावं.