प्लॉट बघायला मलाही यायचंय

दसरा, दिवाळी नाहीतर अक्षय्य तृतीया जवळ आली, की सकाळच्या पेपरातून एक गुळगुळीत रंगीत कागद हमखास खाली पडतो. वर मोठी कमान, कमानीच्या दोन्ही बाजूंना नारळाची झाडं, मागं निळंशार आभाळ. 'विमानतळापासून फक्त 10 मिनिटं, मोजकेच प्लॉट शिल्लक!' माझं माहेर लातूर आणि सासर नांदेड. त्यामुळं दोन्हीकडचे असे कागद माझ्या हाती पडतात. लातूरच्या कागदावर विमानतळाच्या जागी 'ट्यूशन एरियापासून' एवढाच काय तो फरक. ती नारळाची झाडं मात्र मी अजून एकाही ले-आउटमध्ये पाहिली नाहीत. तिथं असतात चुना मारलेले दगड, चार बाभळी आणि लांबवर एक विजेचा खांब.

तरी माणसं घेतात, आणि घेण्याला कारणंही आहेत. नांदेडला 1994 मध्ये विद्यापीठ झालं, 1997 मध्ये महापालिका झाली, 2008 च्या गुरु-ता-गद्दीच्या निमित्तानं रस्ते, पूल झाले आणि शहर चारी बाजूंनी पसरत गेलं. तरोडा, वाडी, असर्जन, कौठा ही नावं आम्ही पूर्वी 'गाव' म्हणून घ्यायचो, आता पत्त्यात लिहितो. लातूरचंही तेच. महापालिका 2011 मध्ये झाली, पण त्याच्या आधीच अंबाजोगाई रोड, बार्शी रोड, औसा रोड धरून शहर अर्वी, पाखरसांगवीपर्यंत जाऊन पोचलं होतं. लोहा, कंधार, मुखेड, तिकडं अहमदपूर, निलंगा इथला शेतकरी एकच हिशोब करतो. लेकरांना शिकवायचं तर शहरात दोन खोल्या पाहिजेत. भाडं भरण्यापेक्षा आपलंच बांधू. आतल्या भागातले भाव परवडत नाहीत, म्हणून मग बाहेरचा प्लॉट.

आणि मग घर कसं चालतं? बाप गावाकडं शेतीत आणि माय इकडं लेकरांजवळ. शिक्षक जोडपं असलं तरी दोघं दिवसभर शाळेत, घरी सासूबाई. म्हणजे या नव्या वस्तीत चोवीस तास कोण राहतं, तर बाई. पाण्याचा टँकर येतो तेव्हा दारात तीच असते आणि संध्याकाळी लाइट गेली की लेकरांना घेऊन अंधारात बसते तीही तीच.

पण प्लॉट बघायला ती गेलेली नसते. दोन-तीन मोटारसायकली जातात, सोबत एजंट, हॉटेलात चहा-भजी, तिथंच इसाराचे पैसे. रात्री घरी पेढे येतात. "घेतला बरं का प्लॉट." कुठं? "तू बघशील की वास्तुशांतीला." पैशाला मात्र तिच्या पाटल्या चालतात. बचत गटाच्या कामानिमित्त मी अशा वस्त्यांतून बरीच वर्षं फिरते आहे. 'प्लॉट घेण्याआधी जागा पाहिली होती का,' असं मी बायकांना मुद्दाम विचारते. हो म्हणणाऱ्या फार थोड्या भेटतात.

बाई गेली तर काय फरक पडतो, असं आमच्याच एका भाऊजींनी मला विचारलं होतं. फरक पडतो. पुरुषांचं लक्ष भाव आणि रस्ता यांच्यावर असतं. रोड टच आहे, पाच वर्षांत डबल होईल. बाई तिथल्या एखाद्या दारात जाऊन विचारते, "काकू, पाणी किती दिवसाला येतं हो?" याचं खरं उत्तर एजंट देणार नाही, ती काकू देते. नळ आहे की नुसती पाइपलाइन टाकून ठेवलीय, बोअरला उन्हाळ्यात पाणी राहतं का, संडासाचं पाणी कुठं जातं, रात्री नऊनंतर ऑटोवाला आत येतो का की नाक्यावरच उतरवतो, सगळं एका चहात कळतं.

पाण्याचं तर लातूरच्या लेकीला कुणी शिकवायला नको. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला 10 वाघिणी होत्या, त्यात 5 लाख लिटर पाणी. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावायची वेळ आली होती. त्या उन्हाळ्यात माहेरी गेले तर घागरींना कुलूप लावायचं तेवढं बाकी होतं. शहराच्या आत निदान टँकरचा नंबर तरी लागायचा. बाहेरच्या नव्या कॉलन्यांत नळच नव्हता, बोअर आटलेले, आणि घराचा हप्ता चालू. नांदेडला गोदावरी आहे, विष्णुपुरीचा जलाशय आहे, म्हणून आम्ही निर्धास्त असतो. पण विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की नदीकाठच्या सखल वस्त्यांत पाणी शिरतं. तेव्हा नदीकडच्या बाजूला प्लॉट बघत असाल तर पूररेषा कुठून जाते हे नगररचना विभागात विचारा आणि जवळच्या जुन्या माणसालाही विचारा.

माझा तर आग्रह आहे की प्लॉट उन्हाळ्यात बघू नये, पावसाळ्यात बघावा. आपली काळी माती कापसा-सोयाबीनला सोन्यासारखी, घराला मात्र वैरीण. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. पाया खाली मुरूम लागेपर्यंत नेला नाही तर दोन वर्षांत भिंतीला तिरप्या चिरा पडतात. म्हणजे स्वस्तातल्या प्लॉटवर पायाचा खर्च वाढतो, हे कुणी सांगत नाही. आणि रस्ता नसेल तर जुलैमध्ये स्कूटीची चाकं गाळानं जाम होतात. एका वस्तीत बाळंतपणाच्या कळा सुरू झालेल्या सुनेला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून डांबरी सडकेपर्यंत आणलं होतं. ती सडक अर्धा किलोमीटरसुद्धा लांब नव्हती.

आता कागदांचं. हे जरा रुक्ष आहे, पण वाचा, कारण सगळ्यात जास्त रडणं इथंच आहे.

आमच्या गटातल्या एका वहिनींनी 2015 मध्ये गंठण आणि पाटल्या मोडून 20 बाय 30 चा प्लॉट घेतला. म्हणजे मालकांनी घेतला, दागिने यांचे. त्या दिवशी त्यांनी मला कागद दाखवला. शंभराचा बाँड, नोटरीचा शिक्का, वर फोटो, आणि जपून राहावा म्हणून लॅमिनेशन केलेलं! "ताई, बाँड हाय की माझ्याजवळ." पण बाँड म्हणजे खरेदीखत नव्हे. दुय्यम निबंधकाकडं नोंदवलेलं खरेदीखत नसेल तर ती जमीन तुमची होतच नाही. त्यांचा प्लॉट गुंठेवारीतला होता. शेतकऱ्यानं शेतातच फिता टाकून तुकडे पाडलेले, ना अकृषिक परवाना, ना मंजूर ले-आउट. बांधकाम परवानगी मिळेना, बँक कर्ज देईना. त्यात मूळ शेतकरी वारला, आता सातबाऱ्यावर दोन मुलं आणि दोन मुली. मुलींचं म्हणणं, आम्हाला तर काही विचारलंच नव्हतं. वहिनी आजही भाड्याच्या खोलीत आहेत. वर्षातून एकदा प्लॉटवर जाऊन दगड जागेवर आहेत का ते बघून येतात.

शेतजमिनीचे बारीक तुकडे पाडू नयेत म्हणून 1947 चा तुकडेबंदी कायदा आहे. 2023 मध्ये सरकारनं बागायतीसाठी 10 आणि जिरायतीसाठी 20 गुंठे ही किमान मर्यादा ठरवली. दोन गुंठ्यांचा सौदा त्यात बसत नाही, म्हणून तर मंडळी बाँडवर भागवतात. गुंठेवारी नियमित करायचा कायदा 2001 मध्ये आला, 2021 मध्ये तो 2020 अखेरपर्यंतच्या प्लॉटना लागू झाला, आणि 2025 मध्ये सरकारनं शहरालगतचे असे जुने तुकडे विनाशुल्क नियमित करण्याचा निर्णय घेतला. त्यानं बऱ्याच जणांना दिलासा मिळेल. पण बाँडवाल्यांना खरेदीखत नोंदवावंच लागतं, त्याचं मुद्रांक शुल्क भरावं लागतं, आणि सही करायला मालक नाहीतर त्याचे वारस समोर लागतात. वहिनींचं घोडं तिथंच अडलंय.

म्हणून पैसे देण्याआधी सातबारा काढा. 15 रुपयांत ऑनलाइन मिळतो, घरातला मुलगा-मुलगी मोबाइलवर काढून देईल. त्यात भोगवटादार वर्ग 1 आहे की 2 ते बघा. आपल्या मराठवाड्यात निजामाच्या काळातल्या इनामी जमिनी पुष्कळ, कुठं देवस्थानाची, कुठं खिदमतमाश. वर्ग 2 असेल तर परवानगीशिवाय विकता येत नाही. 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा बोजा, कुळाचं नाव आहे का ते बघा. मग अकृषिक आदेश आणि मंजूर नकाशा मागा. 2017 पासून 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या आणि 8 पेक्षा जास्त प्लॉटच्या प्रकल्पाला महारेराची नोंदणी लागते, तो नंबर त्या गुळगुळीत कागदावरच छापलेला हवा. आणि नोंदणीकृत करार झाल्याशिवाय 10 टक्क्यांपेक्षा जास्त पैसे त्यांना मागता येत नाहीत. कोऱ्या पावतीवर तीन लाख देणाऱ्या माणसाला बायकोनं अडवलं, तर ती अपशकुन करत नाही.

विकणाऱ्याच्या बहिणींचं मी मुद्दाम सांगते. महाराष्ट्रात 1994 पासून आणि देशात 2005 पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. आपल्याकडं राखीला साडी नेसवून हक्कसोडपत्रावर सही घ्यायची रीत पडलीय, तो वेगळ्याच लेखाचा विषय. पण ज्या शेतात बहिणींच्या सह्या नाहीत, तो प्लॉट स्वस्त दिसला तरी घेऊ नका.

आणि नाव कुणाचं टाकायचं? 2021 पासून राज्यात घर फक्त बाईच्या नावानं घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. 25 लाखांच्या घराला 25 हजार वाचतात. आधी अशी अट होती, की ते घर 15 वर्षं पुरुषाला विकायचं नाही. 2023 मध्ये तीही निघाली. नवराबायको दोघांच्या नावानं घेतलं तर मात्र सवलत नाही, आणि मोकळ्या प्लॉटलाही नाही. हे ऐकून काही घरांत सवलतीसाठी का होईना, बाईचं नाव लागतं. लागू द्या. प्लॉट घेताना दोघांचं नाव लावा म्हटलं, तर घरात फुगवाफुगवी होते हे मला माहीत आहे. त्या वेळी गंठणाची पावती समोर ठेवावी.

मंजूर नकाशा हाती असला तर त्याचा उपयोग पुढंही होतो. मोठ्या ले-आउटमध्ये साधारण 10 टक्के जागा सगळ्यांसाठी मोकळी सोडावी लागते, नकाशात तिथं 'ओपन स्पेस' लिहिलेलं असतं. आमच्या ओळखीच्या एका कॉलनीत अशाच जागेवर एकदा सकाळी मुरमाचे ढीग पडले आणि दोन माणसं फिता लावून मापं घेऊ लागली. बायका नकाशाची झेरॉक्स घेऊन तिथं गेल्या. भांडण झालं नाही. त्यांनी नुसतं विचारलं, "यावर प्लॉट नंबर काय लिहिलाय, दाखवा की." दुपारपर्यंत माणसं निघून गेली. मुरूम तिथंच राहिला होता, तो बायकांनी पुढच्या पावसाआधी कोपऱ्यावरच्या खड्ड्यात टाकून घेतला.